नावाला कंस

सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी केलं, तरी ते पुसत नाहीत. नावाभोवती कंस करतात. नाव तिथंच राहतं, वाचताही येतं, फक्त त्याला हक्क उरत नाही. "त्याच्या नावाला कंस झाला" असं आमच्याकडं लोक बोलतात, आणि बोलताना आवाज जरा खाली आणतात. आमच्या सातबाऱ्यावर असा एक कंस आहे. त्यात माझ्या आत्याचं नाव आहे.

तो कंस का झाला, आणि तो काढावा असा हुकूम झाल्यावर त्या हुकमावर अपील करणाऱ्यांत मी कसा होतो, ते सांगायचं आहे. या गोष्टीत कुणी अट्टल लबाड नाही. असता तर सांगणं सोपं झालं असतं.

आमचं गाव गंगापूर रोडच्या कडेचं. आता त्याला गाव म्हणायला जीभ अडखळते, पण मी शाळेत जायचो तेव्हा भोसला शाळा मागं टाकली की दोन्ही अंगांना शेतंच लागायची. आनंदवल्ली, सोमेश्वर, मग गंगापूर, पुढं गोवर्धन. सोमेश्वरची श्रावणी सोमवारची गर्दी सोडली तर रस्त्याला माणूस दिसायचं नाही. धरण १९६५ साली पुरं झालं, पण धरण उशाला असून आमची पाच एकर कोरडीच होती. मुरमाड रान. बाजरी, कुळीद, पाऊस बरा झाला तर भुईमूग. आजोबा म्हणायचे, "हे रान इकत मागणारा कुणी आला, तर त्याला आधी पोटभर जेवू घालीन आन् मंग इचारीन, बाबा, तुहं डोकं ठिकाणावर हाये ना?"

आजोबा १९७१ साली गेले. वारसाची नोंद लागली, तीन नावं चढली. माझे वडील, म्हणजे दादा, धाकटे काका आणि आत्या. १९५६च्या कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिलेलाच होता, त्यामुळं तलाठ्यानं तिचं नाव लावलं यात विशेष काही नव्हतं. विशेष ते पुढं झालं. नदीवरून पाइपलाइन आणायची ठरली. सोसायटीचं कर्ज काढायचं, तर सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या. आत्या दिंडोरी तालुक्यात दिलेली. दर कागदाला तिला आणायचं म्हणजे बैलगाडी, एसटी, आणि तिच्या सासूची बोलणी. कुणीतरी सुचवलं की बहिणीचं नाव कमीच करून टाका, कटकट जाईल. कुणी सुचवलं ते दादांनी कधी सांगितलं नाही. १९७६च्या दिवाळीला आत्या माहेरी आली, भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी चावडीत तिचा अंगठा घेतला.

फेरफाराची ती नक्कल मला आता पाठ आहे. सासरी भरपूर शेती असून वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा नको आहे, भावांची नावं ठेवावीत, राजीखुशीने जबाब दिला. खाली निशाणी डावा अंगठा. नोटीस बजावली, हरकत नाही, नोंद प्रमाणित. सासरी भरपूर शेती! आत्याच्या नवऱ्याला दीड एकर होतं.

पाइपलाइन झाली. दादांनी आणि काकांनी विहीर खोदली, सुरुंगाच्या धुरळ्यानं दादांना आयुष्यभराचा खोकला दिला. टोमॅटो आले, मग द्राक्षं आली. एका गारपिटीनं बाग झोपवली, ती पुन्हा उभी केली. कर्जं फिटली, नवी झाली. आत्या दरवर्षी यायची, पानकळ्याच्या आधी चार दिवस खुरपायला बसायची आणि जाताना कधी द्राक्षाची पेटी, कधी लुगडं घेऊन जायची. तिनं कधी काही मागितलं नाही. आम्हीही मानत होतो की तिनं सोडलं ते सोडलं.

मग रस्ता वाढत आमच्यापर्यंत आला. नाशिकची महापालिका झाली, जेहान सर्कलला सिग्नल आले, दवाखाने आले, गोवर्धनच्या अंगाला वायनरी झाली आणि शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलायला लागली आणि गुंठ्यातली चौरस फुटात. आजोबा ज्याला जेवू घालणार होते तो माणूस २००८ साली खरंच आला. चांगला होता बोलायला. त्याच्या वकिलानं जुने कागद काढले आणि सांगितलं की या १९७६च्या नोंदीवर भागणार नाही, बहिणीकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. माझा थोरला भाऊ तयार केलेला कागद घेऊन दिंडोरीकडं गेला.

आत्यानं त्याला चहा दिला आणि विचारलं, "मागं एकदा अंगठा दिला व्हता ना मी? मंग आता परत कशाला?"

भावाला उत्तर सुचलं नाही. तोवर आत्या अंगठ्याची राहिलेली नव्हती. नव्वद सालानंतर गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालले, त्यात ती सही शिकली होती, अक्षर लावून वाचायला शिकली होती. तिनं त्याच्या हातातला सातबारा घेतला, बोट ठेवत ठेवत स्वतःचं नाव वाचलं आणि नावाच्या दोन्ही बाजूंच्या खुणांवर बोट ठेवून म्हणाली, "आन् हे काय हाये?"

इथून भांडण सुरू झालं. वर्षभरानं, २००९ साली, तिनं प्रांतांकडं अपील केलं. तेहतीस वर्षं उशिरानं.

जमिनीच्या अपिलाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तलाठी नोंद लिहितो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. ती पटली नाही तर प्रांतांकडं जायचं. प्रांतांचं पटलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडं, तिथं बहुधा अपर जिल्हाधिकारी ऐकतात. तिथून नाशिक रोडला विभागीय आयुक्तांकडं. हे सगळं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ या कायद्यात आहे. अपिलाचं कलम २४७, मुदतीचं २५०, आणि उशीर माफ करण्याचं २५१. प्रांतांपर्यंतच्या हुकमावर साठ दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा. कायदा हेही म्हणतो की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. आणि सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलं आहे की फेरफारानं मालकी येत नाही की जात नाही, ती नोंद सरकारानं सारा कुणाकडून घ्यायचा एवढ्यापुरती. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर आत्याच्या नावाला कंस झाला म्हणून तिचा हक्क गेलाच नव्हता. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क सोडायचा तर कागद नोंदवावा लागतो, चावडीतल्या जबाबानं तो सुटत नाही. पण हे गावात कुणाला सांगणार? गावात सातबारा म्हणजेच मालकी.

दादा तेव्हा अंथरुणाला टेकले होते. मी एका रात्री त्यांना सरळ विचारलं. मी शाळामास्तर, घरात कागद वाचणारा मीच, त्यामुळं विचारायचा अधिकार मला आहे असं मला वाटायचं.

"दादा, आत्यानं खरंच सोडलं होतं का?"

बराच वेळ ते छताकडं बघत राहिले. "म्हणली व्हती ती. मला काय करायची जमीन, म्हणली व्हती."

"चावडीत?"

"न्हाई. घरात. भाऊबीजेच्या ताटावर."

"मग चावडीत अंगठा कशाला म्हणून घेतला?"

"कर्जाचा कागद म्हणून." थोडं थांबून ते म्हणाले, "तव्हा वाटलं, एकच हाये."

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. ओवाळणीच्या ताटावर बहीण म्हणते मला काही नको, ते मायेचं बोलणं असतं. त्यात खरेपणा असतो, पण तो कागदाचा खरेपणा नसतो. भाऊ तेवढ्याच मायेनं काही देईल असं त्यात गृहीत असतं. आमच्याकडची रीतच आहे, बहिणीनं नको म्हणायचं आणि भावानं आग्रह करायचा. दादांनी पहिलं अर्धं उचललं आणि कागदावर लावलं, दुसरं अर्धं राहून गेलं. याला फसवणूक म्हणायचं का? दादांनी आयुष्यात कुणाचा बांध एक वीत कोरला नाही. पण त्यांनी स्वतःच्या बहिणीला कर्जाचा कागद म्हणून हक्कसोड करायला लावली, हेही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसानं केलं आहे.

दादा २०११ साली गेले. वारस म्हणून प्रकरणात आमची नावं आली. माझं, भावाचं आणि काकांच्या दोन मुलांचं. २०१२ साली प्रांतांनी हुकूम दिला. अपीलकर्ती त्या वेळी निरक्षर होती, हक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त नाही, उशीर माफ, नोंद रद्द, नाव पूर्ववत दाखल करावं. दोन पानांचा हुकूम. मी तो वर्गात निबंध तपासावा तसा तपासला आणि मला त्यात चूक सापडली नाही.

आणि तरी आम्ही त्यावर अपील केलं.

भावाचं म्हणणं मी कमी करून सांगणार नाही, कारण त्यात दम होता. तो म्हणाला, "तेव्हा या रानाला कुत्रं विचारत नव्हतं. दादांनी फुप्फुसं जाळली, मी शाळा सोडली, तू मास्तर झालास म्हणून तुला बरं आहे. आज किंमत आली ती आमच्या घामानं आणि रस्त्यानं. तिच्या पोरांना तेहतीस वर्षं रानाची आठवण आली नाही, बिल्डर आला तेव्हा आली. हे न्यायाचं आहे?" चुलतभावांनी मान डोलावली. मीही डोलावली असेन. मुदतीचा कायदा उगाच केलेला नाही. माणसानं लावलेल्या बागेत, बांधलेल्या घरात कधीतरी निर्धास्त झोपता आलं पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीचा कागद घेऊन कुणीही उद्या दारात उभं राहावं, अशा गावात कोण विहीर खोदेल? साक्षीदार मरतात, चावड्या पडतात, शाई उडते. एका टप्प्यावर म्हणावंच लागतं की आता पुरे. हे सगळं मला पटतं. आजही पटतं.

वकील सज्जन होते. त्यांनी फाइल वाचली आणि सांगितलं, "गुणावगुणात शिरू नका. मुद्दा मुदतीचा घ्या. तेहतीस वर्षांचा उशीर. बाई नव्वद सालापासून वाचते, सातबारा मागू शकली असती, मागितला नाही. तिला पहिल्यापासून माहिती होतं, असं प्रतिज्ञापत्र द्या. तुम्ही शिक्षक आहात, तुमच्याच नावानं देऊ."

गुणावगुणात शिरू नका. हा शब्द वकिलांना रोजचा आहे, ते त्यात काही वाईट बोलले असं नाही. माझ्या कानात मात्र तो राहिला. आम्हाला जिंकायचं होतं ते बरं-वाईट काय झालं हे न बघता.

प्रतिज्ञापत्रातलं ते एक वाक्य मी दहादा वाचलं. सदर नोंदीची जाबदेणार यांना प्रथमपासून माहिती होती. खोटं होतं का ते? अंगठा दिल्याचं तिला माहीत होतं. अंगठ्यानं काय झालं ते माहीत नव्हतं. "नोंदीची माहिती" या दोन शब्दांत दोन्ही मावत होतं, म्हणूनच ते शब्द तिथं होते. मी मनाशी म्हणालो, शब्द खरे आहेत. अठ्ठावन्नाव्या दिवशी सही केली. मुलांना मूल्यशिक्षणाचा तास घेणारा मी. त्या सहीसाठी मी माझं चांगलं पेन काढलं होतं, ही क्षुद्र गोष्ट मला का आठवते कोण जाणे.

अपील दाखल झालं, स्थगिती मिळाली, आणि तारखा सुरू झाल्या. स्थगितीच खरी हवी होती, हे मला हळूहळू कळलं. हुकूम चूक आहे का याची भावाला फारशी फिकीर नव्हती. तो अमलात येऊ नये, तोवर बोलणी पुढं सरकावीत, आणि आत्या सत्तरीची आहे, एवढंच गणित होतं. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

तारखेला पुकारा व्हायचा तेव्हा आम्ही अपिलार्थी आणि आत्या जाबदेणार. जाब देणार! जिला विचारायचा हक्क होता, तिला कायद्यानं उत्तर द्यायच्या जागी उभं केलं होतं, आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते आम्ही प्रश्न विचारत होतो. ती पहाटेच्या एसटीनं यायची. तिचा मुलगा कधी असायचा, कधी नसायचा. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, पुढची तारीख. मग दुपारी कचेरीच्या आवारातल्या झाडाखाली ती फडकं सोडायची आणि मला हाक मारायची. "ये रे, खाऊन घे. तुह्या भावाला बी बोलाव." भाऊ यायचा नाही, हॉटेलात जायचा. मी जायचो. बाजरीची भाकर, ठेचा, कधी मेथी. दादांना आवडायचा तसा शेंगदाण्याचा ठेचा. दोन्ही पार्ट्या एका फडक्यावर जेवताहेत हे बघून तिथले कारकून हसायचे.

अशाच एका तारखेला तिनं विचारलं, "मला एक सांग. अपील केलं म्हंजी तुमी काय सांगितलं साहेबाला? खालच्या साहेबाचं चुकलं म्हून सांगितलं ना?"

"हो."

"काय चुकलं त्याचं?"

मी म्हणालो, "उशीर झाला तुला, असं म्हणणं आहे."

"ते माहं झालं. त्याचं काय चुकलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं भाकरीचा पदर सोलला, ठेचा लावला, माझ्या हातावर ठेवला.

त्याच दिवसांत मी शाळेची सहल घेऊन पांडवलेण्यावर गेलो होतो. दरवर्षी जातो. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत ब्राह्मी अक्षरांतले लेख आहेत, मुलांना तिथं उभं करून मी सातवाहनांचं दोन-चार वाक्यांत उरकायचो. त्या वर्षी उरकता आलं नाही. गौतमीपुत्र सातकर्णी राजाच्या अठराव्या वर्षाचा एक लेख आहे, गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला उद्देशून. हे गोवर्धन म्हणजे आमच्याच रस्त्यावरचं गोवर्धन असं जाणकार मानतात. पूर्वी ऋषभदत्ताकडं असलेलं एक शेत, दोनशे निवर्तनं, लेण्यातल्या भिक्षूंना दिलं, त्याची नोंद करून ठेव, अशी आज्ञा. नोंदवण्यासाठी जो शब्द आहे तो "निबंध" याच घरातला. आपला दुय्यम निबंधक तिथूनच आला. त्याच्याखाली चोविसाव्या वर्षाचा लेख आहे. आता गोवर्धनला श्यामक नावाचा अमात्य आहे. राजा आणि राजमाता त्याला कळवतात की मागं दिलेलं ते शेत कसलं जात नाही, तिथलं गावही वसलेलं नाही, तेव्हा इथल्या शिवेवरच्या आमच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत.

आधी दोनशे, बदल्यात शंभर. अपिलात निम्मं मिळालं तरी पदरात पाडून घ्यावं, ही रीत तेव्हापासूनची असावी. पण मला त्या भिंतीपुढं थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सहा वर्षांपूर्वीची आज्ञा कागदावर पक्की होती. नोंद झालेली, दगडात कोरलेली. भिक्षू राजाकडं गेले की नाही ते लेख सांगत नाही, पण कुणीतरी कळवल्याशिवाय हे होत नाही. आणि राजानं विचारलं नाही की सहा वर्षं काय करत होता. जमिनीवर काय आहे ते बघितलं, आधीचं दिलेलं दिल्यासारखं झालं नाही हे मान्य केलं, आणि ते त्याच भिंतीवर, पहिल्या आज्ञेच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं कोरायला लावलं.

राजाला ते सोपं होतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे. त्याची जमीन संपणार नव्हती. आमच्या पाच एकरांतून जाणार होतं ते आमच्या पोरांच्या ताटातून. राजाच्या औदार्याची तुलना भावाच्या पोटाशी करणं बरोबर नाही. तरीपण आत्याच्या प्रश्नाला जे उत्तर मला झाडाखाली सापडलं नव्हतं, ते तिथं थोडंफार सापडलं. अपील म्हणजे वरच्याला विचारणं, खाली काही चुकलं का बघा. विचारणाऱ्याला निदान शंका तरी हवी. मला शंका नव्हती. प्रांतांचं बरोबर आहे हे मला पहिल्या वाचनात कळलं होतं, आणि मी चूक आहे असं लिहून सही केली होती. अपील करायचा हक्क मला होता. कायदा कुणाला विचारत नाही की तुझा स्वतःच्या अपिलावर विश्वास आहे का. विचारूही नये, नाहीतर उद्या खऱ्या पीडितालाही दारातून परत लावतील. पण कायदा विचारत नाही म्हणून मी स्वतःला विचारायचं नाही, असं थोडंच आहे? आणि मुदतीचं म्हणाल, तर ज्याला ठाऊक असून तो गप्प बसला त्याच्याविरुद्ध मुदत शोभते. जिला आम्हीच अंधारात ठेवलं, तिला अंधारात किती वर्षं होतीस म्हणून दोष देणारे आम्ही कोण?

मी पुढच्या तारखेला पुरसीस दिली. माझ्यापुरतं अपील चालवायचं नाही, आत्याचं नाव दाखल व्हायला माझी हरकत नाही, आणि प्रतिज्ञापत्रातलं ते वाक्य मला स्वतःच्या माहितीवरून खरं वाटत नाही. वकिलांनी हात जोडले, म्हणाले, "गुरुजी, आधी सांगायचं होतंत." बरोबरच होतं. दीड वर्ष मी गप्प होतो, त्या दीड वर्षाच्या स्थगितीत माझी सही होतीच.

भाऊ त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "तुझ्या वाट्याचं काय द्यायचं ते दे. आमच्या वाट्याचं तू कोण देणार?" यावरही मला उत्तर नव्हतं. मला निवृत्तीवेतन आहे, त्याला नाही. माझा सरळपणा मला किती स्वस्तात पडला याचा हिशेब त्यानं एका वाक्यात मांडला. तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याच्या नातवाच्या जावळाला मला बोलावणं आलं, पण ते पोरानं आणलं, त्यानं नाही.

२०१५ साली निकाल लागला. भावाचं आणि चुलतभावांचं अपील मान्य. तेहतीस वर्षांच्या विलंबाचं संयुक्तिक कारण दिलेलं नाही, प्रांतांचा आदेश रद्द, मालकीबाबत दिवाणी न्यायालयात दाद मागण्यास मोकळीक. माझ्या पुरसिशीचा उल्लेख एका ओळीत होता. कंस राहिला.

निकाल सांगायला मीच दिंडोरीकडं गेलो. वाटलं होतं रडेल, बोलेल. ती अंगणात कुळीद पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्या वर कोन हाये?"

"आयुक्त. नाशिक रोडला."

"तिथं बी साठ दिसच का?"

"वकिलांना विचारू. पण उशीर नको."

"मंग तूच ने मला," ती म्हणाली. "माहं पोरगं कांद्यात गुतलंय."

म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी तिला गाडीवर मागं बसवून नाशिक रोडला घेऊन गेलो. पदर तोंडाला घट्ट बांधून, एका हातानं माझा खांदा धरून, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मला म्हणाली, जरा सावकाश, ठेच्याचा डबा उघडंल. तिच्या अर्जात जाबदेणारांच्या यादीत दुसरं नाव माझं होतं. आवक बारनिशीच्या खिडकीवरच्या माणसानं कागद उलटेपालटे केले, तिची सही बघितली, मग माझ्याकडं बघून तिला विचारलं, "आजी, हे कोण बरोबर?"

"माहा भाचा," आत्या म्हणाली. "समोरच्या पार्टीचा हाये."